प्रत माहितीसाठी

सरकारी पत्राचा मजकूर चार ओळींत संपतो. त्याखालची ‘प्रत माहितीसाठी’ची यादी मात्र पान उलटलं तरी संपत नाही. त्या यादीत नाव असणं मानाचं असतं आणि निर्धोकही. करायचं ते वरच्या एकट्याने, खालच्यांनी नुसतं जाणून असायचं. नोकरीत मुरलेला माणूस वरून खाली सरकायची धडपड करतो ती याचसाठी. गेल्या काही वर्षांत शाळांनी ही जुनी रीत संगणकावर चढवली आहे. मुलाच्या हातावर वळ दिसले, एखादी मुलगी व्हॅनमध्ये बसायला नको म्हणू लागली, कुणी एखाद्या सरांबद्दल दबक्या आवाजात काही सांगितलं, की वर्गाच्या बाईंनी मोबाइलवर एक फॉर्म भरायचा आणि ‘सबमिट’ दाबायचं. पुढच्याच क्षणी मुख्याध्यापिका, उपमुख्याध्यापिका, समुपदेशक, विभागप्रमुख, पीटीचे सर, व्हॅनचे इनचार्ज आणि ज्यांनी हे सगळं बसवलं त्या कॉम्प्युटरच्या मिस, अशा सगळ्यांच्या पर्समध्ये आणि खिशात एकदम थरथर होते. ‘अर्ध्या मिनिटात सगळ्या स्टाफला कळेल’ असं ही यंत्रणा विकणारा माणूस छाती पुढे काढून सांगतो. माझं म्हणणं असं, की अर्ध्या मिनिटात सगळ्या स्टाफला कळणं हाच तिचा मुख्य दोष आहे. आणि हे पटवायला चेन्नईसारखं शहर नाही.

चेन्नईत शाळांना निरोप पोहोचवण्याचं शास्त्र फार पुढे गेलेलं आहे, आणि त्याचं श्रेय ईशान्य मोसमी पावसाचं. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात बंगालच्या उपसागरात कुठे कमी दाबाचा पट्टा तयार झाला, की शहरातली झाडून सगळी मुलं हवामानशास्त्रज्ञ होतात. ‘तमिळनाडू वेदरमॅन’ म्हणून प्रसिद्ध असलेले प्रदीप जॉन पावसाचा अंदाज देतात आणि त्याखाली ‘नाळैक्कु लीवा?’, म्हणजे उद्या सुट्टी का, असं विचारणाऱ्यांची रांग लागते. ढग कुठे आहेत यात कुणाला रस नसतो. जिल्हाधिकारी कुठे आहेत, एवढंच हवं असतं. कारण सुट्टी द्यायची ती त्यांनी. मग पहाटे कधीतरी घोषणा होते, टीव्हीवर पट्टी सरकते, आणि दूधवाल्यापासून व्हॅनवाल्यापर्यंत सगळ्या शहराला ती कळते. गणवेश घालून फाटकापर्यंत गेलेलं मूल क्वचितच सापडेल. हा निरोप इतका अचूक का पोहोचतो? बोलणारा एकच असतो, मजकूर एका ओळीचा असतो, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाने करायचं काम एकच असतं: मुलाला घरी ठेवणं. (मुलाने करायचं काम त्याहून सोपं, कूस बदलून झोपणं.) इथे जितक्यांना कळेल तितकं चांगलं. शाळांच्या यंत्रणा बसवणाऱ्यांच्या मनात नमुना असतो तो हाच, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

कारण सगळ्याच बातम्या पावसासारख्या सगळ्यांवर सारख्या पडत नाहीत. ११ एप्रिल २०१२ला सुमात्राजवळ समुद्रात प्रचंड भूकंप झाला आणि त्सुनामीचा इशारा निघाला, तेव्हा मरीना किनाऱ्यावरून लोकांना हलवण्यात आलं. लाट आली नाही, पण इशारा बरोबर होता. २००४ साली तो मिळाला नव्हता, म्हणून काय झालं हे त्या किनाऱ्याला ठाऊक होतं. सगळ्यांनी पाण्यापासून लांब जायचं, एवढंच काम. याच्या उलट ८ फेब्रुवारी २०२४चा दिवस. शहरातल्या १३ शाळांना बॉम्ब ठेवल्याचा ईमेल आला. पोलीस आले, बॉम्बशोधक पथकं आली, कुत्री वर्गावर्गांतून हुंगून गेली आणि काहीही सापडलं नाही. पण तोवर बातमी पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांतून फिरली होती आणि शाळांच्या फाटकांवर आईवडिलांची झुंबड उडाली होती. जिथून माणसं दूर न्यायची तिथेच बातमीने माणसं आणून उभी केली. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. आपलं मूल आत आहे म्हटल्यावर कोण घरी बसून पोलिसांचं निवेदन वाचेल? मुद्दा इतकाच, की निरोप किती वेगाने गेला यावरून तो कामाचा ठरत नाही. ऐकणाऱ्याने काय करायचं ते त्यात नसेल, तर ऐकणारा मनाला येईल ते करतो.

मुलांवरच्या अत्याचाराची, छळाची किंवा नुसत्या संशयाची बातमी या दोन्हींपेक्षा वेगळ्या जातीची आहे. इथे करायचं काम एकदोघांचं असतं आणि बाकीच्या सगळ्यांचं काम गप्प बसण्याचं. गप्प बसणं हे मात्र कुठल्याही शिक्षककक्षाला आजवर जमलेलं नाही. चेन्नईला हा प्रश्न मे २०२१मध्ये फार कडवटपणे भेटला. के. के. नगरमधल्या एका नावाजलेल्या शाळेच्या माजी विद्यार्थिनींनी एका शिक्षकाच्या वागण्याबद्दल इन्स्टाग्रामवर लिहिलं. ऑनलाइन वर्गांचे दिवस होते. एकीने लिहिल्यावर दुसरीने, मग तिसरीने लिहिलं, आणि त्या शिक्षकाला अटक झाली. तक्रारी आधीही केल्या होत्या, पण कुणी मनावर घेतलं नाही, असं माजी विद्यार्थ्यांचं म्हणणं होतं. म्हणजे शाळेत निरोप पोहोचायला वर्षं लागली आणि इन्स्टाग्रामवर तास. त्याच महिन्यात मुख्यमंत्री झालेल्या एम. के. स्टालिन यांच्या सरकारने त्यावर नियम केले. प्रत्येक शाळेत विद्यार्थी सुरक्षा सल्लागार समिती हवी, तक्रारपेटी हवी, ऑनलाइन वर्गांचं रेकॉर्डिंग ठेवावं, वगैरे. समितीत मुख्याध्यापक, दोन शिक्षक, पालक-शिक्षक संघाचे दोन प्रतिनिधी, व्यवस्थापनाचा एक, शिक्षकेतर कर्मचारी एक, आणि लागल्यास बाहेरची एक व्यक्ती. समिती चांगली आहे, तिच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण भारतीय माणसाच्या हाती समिती दिली की तो पहिली गोष्ट करतो ती तिचा व्हॉट्सअॅप गट.

आणि एकदा गट झाला, की त्याचं पुढे काय होतं हे सांगायला संशोधन लागत नाही. सकाळी साडेसहाला सूर्यफुलावर ‘गुड मॉर्निंग’. मग पोंगलच्या शुभेच्छा, त्यांचे आभार, आभारांचे आभार. फीची थकबाकी. कुणाच्या तरी भाचीचं अरंगेट्रम, म्हणजे नृत्याचा पहिला जाहीर कार्यक्रम. मग दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी: ‘सातवी ब, विद्यार्थिनी एस., गंभीर, कृपया पाहावे.’ त्याखाली ‘सरी मॅम’, ‘नोटेड’, जोडलेले हात, अंगठा, पुन्हा जोडलेले हात. एका उत्साही सरांचं ‘अभिनंदन’, कारण त्यांना वाटलं अजून अरंगेट्रमचंच चाललंय. सगळ्यांनी पाहिलं, सगळ्यांच्या निळ्या खुणा उमटल्या. ‘नोटेड’ लिहिणाऱ्याने आपलं कर्तव्य पार पाडलेलं असतं. नोंद झाली म्हणजे काम झालं यावर आपल्या कचेऱ्यांची श्रद्धा पहिल्यापासून आहे. आणि ती ‘एस.’? आद्याक्षर लिहिलं म्हणजे ओळख लपली, असं ज्याला वाटतं त्याने तमिळनाडूत दोन दिवस काढले नसावेत. इथे माणसाची ओळख आद्याक्षरापासूनच सुरू होते. सातवी ब मध्ये कोण ‘एस.’ आहे हे शिपायालाही सांगता येतं.

हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न नाही. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा पॉक्सो कायदा २०१२चा. पीडित मुलाची ओळख पटेल असं काही कुठल्याही माध्यमातून छापायला किंवा पसरवायला त्याच्या २३व्या कलमाने मनाई आहे. ११ डिसेंबर २०१८च्या निपुण सक्सेना निकालात सर्वोच्च न्यायालयाने आणखी बजावलं, की नाव घेतलं नाही तरी आडवळणाने ओळख पटेल असे तपशीलही देऊ नयेत. यंत्रणांच्या मूळ मांडणीला मात्र आडवळण मंजूरच नाही. संदेश आला की तो कुलूपबंद फोनच्या पडद्यावरही अर्धा झळकतो. फोन टेबलावर असतो आणि टेबलापलीकडे दुसऱ्याच मुलाची आई बसलेली असते. त्याहून सरस म्हणजे स्मार्टबोर्ड. बाई भूमिती शिकवत असतात, लॅपटॉप बोर्डाला जोडलेला असतो, आणि काटकोन त्रिकोणाच्या कर्णावर, उजव्या कोपऱ्यातून, चाळीस मुलांसमोर ‘गंभीर घटना’ अशी चौकट अलगद वर येते. म्हणून पहिलं उत्तर अगदी साधं: आपोआप जाणाऱ्या संदेशात काहीही नसावं. ‘एक नोंद आली आहे, उघडून पाहा,’ इतकंच. नाव नाही, इयत्ता नाही, ‘गंभीर’ही नाही. गंमत अशी, की शाळांना असा संदेश अपुरा वाटतो. संपूर्ण हकीकत नसेल तर अलर्टचे पैसे कशाला मोजायचे?

आता समजा ओळखीचा प्रश्न सुटला. तरी सगळ्यांना कळवण्यातली मुख्य अडचण उरतेच. १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसून यंत्रावरून बोलणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी एकाला झटका आल्याचा आवाज ऐकवायचा आणि ऐकणारा उठून मदत मागतो का ते पाहायचं. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यातले ८५ टक्के वेळेत उठले. आणखी एक जण ऐकतोय असं वाटणाऱ्यांतले ६२ टक्के. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणाऱ्यांतले फक्त ३१ टक्के. ही माणसं दुष्ट नव्हती. बसून राहिलेल्यांना घाम फुटला होता, हात थरथरत होते. लग्नघरात एखादा पाहुणा उपाशी परत जातो तो नेमका याच कारणाने: वीस यजमान दारात उभे असतात आणि प्रत्येकाला वाटतं, याला ‘जेवलात का’ असं कुणीतरी विचारलंच असेल. एकच यजमान असता तर पाहुण्याला जिलबी संपेपर्यंत उठू दिलं नसतं. तेव्हा चौदा जणांना एकदम जाणारा अलर्ट म्हणजे चौदा जागे पहारेकरी नव्हेत. प्रत्येकाला बाकीचे तेरा दाखवून निर्धास्त करण्याचं ते यंत्र आहे.

शिवाय एक घंटा कधी एकटी वाजत नाही. शाळेने यंत्रणा विकत घेतली, की पैसे वसूल करायची घाई होते. मग गृहपाठ नाही आणला याचाही अलर्ट, टाय नाही याचाही अलर्ट, व्हॅन वडपळनीच्या सिग्नलला अडकली याचाही अलर्ट. तमिळनाडूतले सरकारी शाळांचे शिक्षक आधीच ‘एमिस’ नावाच्या संगणकीय खतावणीत मुलांची हजेरीपासून आरोग्यापर्यंतची माहिती भरून मेटाकुटीला आलेले; शिकवायला वेळ कधी, असं त्यांच्या संघटना विचारत आल्या आहेत. यंत्रं फार बोलू लागली की काय होतं, हे इतरांनी मोठी किंमत देऊन पाहिलंय. मार्च १९७९मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुभट्टीत बिघाड झाला, तेव्हा नियंत्रणकक्षात पहिल्या काही मिनिटांत शंभरावर धोक्याचे इशारे एकदम पेटले, आणि त्यांतला महत्त्वाचा कोणता हे कळायची सोय नव्हती. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१३ साली सांगितलं, की रुग्णाजवळच्या यंत्रांच्या घंटांपैकी ८५ ते ९९ टक्के घंटांना डॉक्टर-नर्सनी काही करायची गरज नसते. त्यामुळे उरलेल्या घंटाही कुणी ऐकेनासं होतं. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळातल्या अशा ९८ घटनांची त्यांच्याकडे नोंद होती आणि त्यांत ८० रुग्ण दगावले होते. नर्सचा कान बधिर होत असेल, तर पीटीच्या सरांचा काय दोष?

चुकीची घंटा परत घेणं तर वाजवण्याहून कठीण. १३ जानेवारी २०१८च्या सकाळी हवाई बेटांवरच्या सगळ्या फोनांवर ‘क्षेपणास्त्र येत आहे, आसरा घ्या, हा सराव नाही’ असा संदेश झळकला. क्षेपणास्त्र नव्हतं. संदेश क्षणात गेला. तो खोटा होता हे सांगणारा दुसरा संदेश यायला ३८ मिनिटं लागली. त्याआधी ट्विटरवर तरी खुलासा करावा, तर गव्हर्नर डेव्हिड इगे यांना, त्यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, आपल्या खात्याचा पासवर्ड आठवत नव्हता. अणुयुद्धात असं होत असेल, तर सातवी ब च्या बाबतीत काय होईल याची कल्पना करावी. एका शिक्षकाबद्दल चुकीची नोंद झाली आणि ती चौदा फोनांवर गेली, तर ‘मागील संदेश दुर्लक्षित करावा’ हे वाक्य आजवर कुणी दुर्लक्षित केलेलं नाही. उलट ज्यांनी मागील संदेश वाचला नव्हता ते आता वर जाऊन शोधून वाचतात.

यावर पहिला आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘थोड्यांनाच कळवलं तर ते थोडे प्रकरण दडपतील. सगळ्यांना कळलं तर दडपता येणार नाही.’ इतिहास या आक्षेपाच्या बाजूने आहे. चेन्नईतल्या मुलींना इन्स्टाग्रामवर जावं लागलं ते उगाच नाही. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापुरात शाळेत अत्याचार झालेल्या दोन चिमुरड्यांच्या पालकांना फिर्याद नोंदवून घ्यायला पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं आणि लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा कुठे यंत्रणा हलल्या. त्याच आठवड्यात, २१ ऑगस्टला, महाराष्ट्र शासनाने निर्णय काढून असा प्रकार चोवीस तासांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवणं शाळांना बंधनकारक केलं. तर दडपादडपी खरी आहे. पण तिच्यावर चौदा जणांना कळवणं हा इलाज नव्हे, कारण ते चौदाही एकाच संस्थेचे नोकर असतात. संस्थेचं नाव खराब होईल म्हणून एक गप्प बसू शकतो, तर चौदाही बसतात, आणि एकमेकांकडे पाहून जास्त धीराने बसतात. शिवाय जिच्याबद्दल तक्रार आहे ती व्यक्तीच यादीत असली तर? हे काल्पनिक नाही. जून २०२१मध्ये चेन्नईजवळच्या केळंबाक्कमच्या एका निवासी शाळेच्या प्रकरणात अटक झाली ती संस्थापकालाच. त्या खटल्यांचं जे व्हायचं ते न्यायालयात होईल. पण अशा शाळेत नोंदीची पहिली प्रत ‘माननीय करस्पॉन्डंट’ यांच्याकडे जाणार असेल (तमिळनाडूत संस्थाचालकाला असंच म्हणतात), तर यंत्रणेने आरोपीला सर्वांत आधी सावध केलं, एवढंच होईल. दडपादडपीवर उतारा म्हणजे एक कान शाळेबाहेर ठेवणं, आणि कुणालाही पुसता येणार नाही अशी नोंद.

दुसरा आक्षेप कायद्याच्या अंगाने येतो. पॉक्सोचं १९वं कलम म्हणतं, की अशा गुन्ह्याची माहिती किंवा शंका असलेल्या प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. २१व्या कलमात न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर वर्षापर्यंत कैद आणि वर दंड. आमच्या राजुऱ्याच्या, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शाळेच्या वसतिगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ला स्पष्ट सांगितलं, की माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे. मग जबाबदारी प्रत्येकाची असेल, तर प्रत्येकाला कळायला नको का? हा तर्क ऐकायला नीट वाटतो, पण उलटा आहे. कायदा म्हणतो, ज्याला कळलं त्याने कळवावं. ज्याला कळलेलं नाही त्याला शोधून काढून कळवावं, असं कायदा कुठेही म्हणत नाही. चौदा जणांना माहिती देऊन शाळा चौदा जणांवर एक कायदेशीर ओझं टाकते आणि त्यांना वाटतं आपल्याला सौजन्याने प्रत मिळाली. त्याहून मोठी फसगत फॉर्म भरणाऱ्या बाईंची. ‘सबमिट’ झालं, हिरवी बरोबरची खूण आली, धन्यवाद आले. बाईंना वाटतं कळवून झालं. १९वं कलम मात्र ‘सबमिट’ ओळखत नाही. त्याला पोलीस ओळखता येतात. तेव्हा त्या हिरव्या खुणेखाली ‘पोलिसांना कळवलेलं नाही’ असं ठळक अक्षरांत छापायला हवं. अशी खूण कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात दिसणार नाही.

पण या सगळ्या संदेशांतलं माझं आवडतं वाक्य तळाशी असतं: ‘हा संदेश यंत्रणेने आपोआप पाठवला आहे, कृपया उत्तर देऊ नये.’ भारतीय कर्मचाऱ्याने इतक्या काटेकोरपणे पाळलेली दुसरी कुठली सूचना मला माहीत नाही. आणि या जगात उत्तराची सर्वांत जास्त गरज असलेला संदेश जर कुठला असेल, तर तो हाच. मी यंत्राच्या विरोधात नाही. माणसाने करायचं काम यंत्राला आणि यंत्राने करायचं काम माणसाला दिलंय, एवढीच तक्रार. वाटून सांगणं हे विवेकाचं काम आहे, ते आपण आपोआप केलं. पाठपुरावा करणं हे चिकाटीचं काम आहे, तिथे ज्याला राग येत नाही, कंटाळा येत नाही आणि ‘करस्पॉन्डंट सरांना कसं विचारायचं’ असा संकोच वाटत नाही, असं यंत्र हवं. ते आपण उपमुख्याध्यापिकांच्या स्मरणशक्तीवर सोडलं. उलट करून पाहा. नोंद एका नेमलेल्या बाईंकडे जाईल. तासाभरात त्यांनी ‘मी पाहते आहे’ असं उत्तर दिलं नाही, तर यंत्र दुसऱ्या नेमलेल्या व्यक्तीकडे जाईल. तिचंही उत्तर नाही, तर समितीतल्या त्या बाहेरच्या सदस्याकडे. नियमांत ‘लागल्यास’ म्हणून ठेवलेल्या या माणसाला खरं तर पहिला नेमायला हवा. नोंद ज्यांच्याबद्दल असेल त्यांचं नाव या साखळीतून यंत्राने मुकाट्याने गाळायचं. इंग्लंडच्या शाळांत हे फार नवं नाही. तिथे शाळेच्या वेळेत अशी एक नेमलेली व्यक्ती हाताशी असायलाच हवी, असं सरकारी मार्गदर्शिका सांगते. तिथेही हे शहाणपण फुकट आलेलं नाही. फेब्रुवारी २०००मध्ये लंडनमध्ये आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिंबिए छळाने मेली. पोलीस, रुग्णालयं आणि पालिकांची समाजसेवा खाती या सगळ्यांकडे तिची माहिती होती, आणि तिला वाचवण्याच्या बारा संधी हुकल्या, असं लॉर्ड लेमिंग यांच्या चौकशीत निघालं. माहिती कमी पडली नव्हती.

‘हे सगळं मोठ्या शाळांचं,’ असा एक आक्षेप अजून आहे. चेन्नई महापालिकेच्या एखाद्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका आणि तीन शिक्षिका. तिथे कसली साखळी आणि कसलं यंत्र? पण माझं म्हणणं त्याच शाळेत सर्वांत स्वस्तात जमतं. तिथे ‘सगळा स्टाफ’ एका बाकावर मावतो, त्यामुळे कुणाला कळवलं आणि कुणी काय केलं हे लपत नाही. एक जाड वही, पानांवर आकडे घातलेली, म्हणजे पान फाडलं तर कळेल. दोन फोन नंबर भिंतीवर: १०९८ ही १९९६ साली मुंबईत सुरू झालेली मुलांची हेल्पलाइन, आणि १४४१७ ही तमिळनाडूच्या शिक्षणखात्याची. मुलांना दिसतील इतक्या खाली लावलेले. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीमागे, देवाच्या तसबिरीच्या वर नव्हे. यंत्र नसलं तर बिघडत नाही. नेमलेलं माणूस नसलं तर कुठलंही यंत्र उपयोगाचं नाही, कारण आलेला संदेश कुणाचा, हे त्याला ठरवता येत नाही.

नेमलेल्या माणसाबद्दलचा तपशील मात्र शाळा नेमका विसरतात. यंत्रणा जूनमध्ये बसते, तेव्हा सगळी पदं भरलेली असतात. मग कुणाची बदली होते, कुणी पगारवाढीसाठी दुसऱ्या शाळेत जातं, आणि अलर्ट निष्ठेने जुन्याच पत्त्यावर जात राहतात. खासगी शाळांत तर पासवर्ड ठाऊक असलेलं एकमेव माणूस प्रिंटर दुरुस्त करून कंटाळतं आणि आधी नोकरी सोडतं. म्हणून यंत्रणा विकत घेताना कंपनीला वेग विचारू नये. एका कागदावर बारा महिन्यांचे बारा रकाने आखून प्रत्येकात दोन नावं लिहायला बसावं. जूनपासून एप्रिलपर्यंत पेन भराभर चालतं. अडतं ते मे महिन्यात. अग्निनक्षत्राचं ऊन, शाळेला कुलूप, वॉचमन सावलीत, अर्धा स्टाफ गावी. पण चेन्नईतल्या मुलींनी २०२१ साली तोंड उघडलं ते मे महिन्यातच. तेव्हा त्या रकान्यात एक नाव हवं, फोन उचलणाऱ्या माणसाचं. आणि ते माणूस मेमध्ये ऊटीला जाणार असेल, तर त्याच्या जागी कोण, तेही शाईने.